सुरूर ते पोलादपूर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की खंबाटकीचा घाट उतरल्यावर थोड्याच वेळात उजव्या हाताला सुरूरचा फाटा लागतो. बरीचशी मंडळी इथे वळतात ती महाबळेश्वरला जाण्यासाठी. फाट्यावरून वाई, वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी, तिथून महाबळेश्वर. बहुतेकांचा रस्ता इथे संपतो. खरा रस्ता मात्र तिथे संपत नाही. तो महाबळेश्वरच्या पलीकडे सह्याद्रीच्या कड्यावरून आंबेनळीच्या घाटाने खाली उतरतो आणि रायगड जिल्ह्यात पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. एकंदर लांबी ८० किलोमीटरच्या आसपास. सरकारी कागदावर हा सुरूर-वाई-पोलादपूर राज्यमार्ग. त्याला क्रमांकही आहे, पण तो कोणाच्या तोंडी नाही. आमच्याकडे लोक रस्त्याला घाटाच्या नावाने ओळखतात. ‘पसरणी बंद आहे का?’, ‘आंबेनळी चालू झाली का?’ असेच विचारतात.

या रस्त्याविषयी बोलायचा माझा अधिकार एवढाच, की माझे आजोबा या रस्त्यावर मैलकुली होते. नव्या पिढीला हा शब्द ठाऊक असेलच असे नाही. बांधकाम खात्याच्या रस्त्यावर काही मैलांचा तुकडा ज्या मजुराच्या ताब्यात असे, तो मैलकुली. खड्डा भरणे, गटार उपसणे, मोरीत अडकलेला पाला काढणे, कठड्याचा निसटलेला दगड पुन्हा बसवणे ही त्याची कामे. त्याच्यावर मुकादम आणि मुकादमावर ओव्हरसियर. आजोबांकडे मेटतळ्यापासून कुंभरोशीकडे उतरणारा तुकडा होता. त्यामुळे आमच्या घरात इतिहास आला तो पुस्तकातून नव्हे, कुदळ आणि घमेल्यातून. पुस्तके पुढे मी शिक्षक झाल्यावर वाचली.

रस्ता जुना आहे, पण तो एका दिवसात कोणी आखलेला नाही. त्याचे तुकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेतून झाले. सर्वांत जुनी आहे ती घाटवाट. देशावरून कोकणात उतरायला महाबळेश्वरच्या पठाराच्या कडेवरून रडतोंडीचा घाट होता. चढणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले की नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. इंग्रजांना हे नाव काही उच्चारता आले नाही. त्यांनी त्याचे ‘रोटुंडा’ करून टाकले, आणि मग रडण्याचा काही संबंधच उरला नाही. रडतोंडी उतरले की कोयनेच्या काठी पार हे गाव. तिथून पुन्हा पारघाटाने सावित्रीच्या खोऱ्यात. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर यायची, वरून धान्य, गूळ, मिरची खाली जायची, आणि हे सारे बैलांच्या पाठीवर. पारला त्या काळी मोठी पेठ होती. रामवरदायिनीचे देऊळ आणि कोयनेवरचा जुना दगडी पूल तिथे आजही पाहायला मिळतो. तो पूल पाहिलात तर आपल्या अलीकडच्या काही पुलांची लाज वाटेल, इतका तो ठणठणीत आहे.

याच वाटेने १६५९ साली अफजलखान आला. खानाची छावणी वाईला होती. वाईचा मुलूख त्याला परिचयाचा होता, कारण पूर्वी तो तिथे सुभेदार होता. शिवाजी महाराज प्रतापगडावर. प्रतापगड तेव्हा अगदी नवा होता. १६५६ मध्ये जावळी घेतल्यानंतर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली भोरप्याच्या डोंगरावर तो बांधला गेला. वकिलांच्या जाण्या-येण्यानंतर खान जावळीत उतरायला तयार झाला, आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. ज्याला मारायचे त्याच्यासाठीच महाराजांनी वाट साफ करून दिली. हत्ती, तोफा, बाजारबुणगे असलेले सैन्य रडतोंडीने उतरवायचे तर जंगल तोडायलाच हवे होते. ग्रँट डफही हे नोंदवतो, की खानासाठी एक वाट मोकळी केली आणि बाकीच्या साऱ्या वाटा बंद केल्या. १० नोव्हेंबर १६५९ ला गडाच्या पायथ्याशी जे घडले ते आपण सारे शाळेत शिकलो आहोत. मी मुलांना तो धडा शिकवताना नेहमी एक प्रश्न विचारत असे. खान पडल्याचा इशारा झाल्यावर पारला तळ देऊन बसलेले सैन्य पळाले का नाही? कारण त्यांना पळायला रस्ताच नव्हता. आलेली एकच वाट, आणि ती चढाची. रस्ता हे शस्त्र असते हे मुलांना त्या दिवशी समजे.

त्यानंतर दीड शतक या वाटेचे रूप फारसे बदलले नसावे. बदल झाला तो पेशवाई गेल्यावर. १८१८ नंतर इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवले. हा राजा कामाचा होता. शाळा, छापखाना, पाणीपुरवठा यांत त्याने लक्ष घातले आणि रस्तेही केले. १८२४ मध्ये साताऱ्याच्या फौजेतला अधिकारी लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेला. इंग्रजी लेखकांनी त्याचे ‘महाबळेश्वरचा शोध लावणारा’ असे कौतुक केले. तिथे शेकडो वर्षे क्षेत्र महाबळेश्वरचे देऊळ होते, कृष्णा-कोयना-वेण्णा-सावित्री-गायत्री या पाच नद्यांची स्थाने होती, यात्रा भरत होती, कोळी, धनगर, कुणबी राहत होते. पण शोध लागला तो १८२४ मध्ये! असो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ मध्ये तिथे आले, आणि हवा इतकी आवडली की ठाणेच वसवायचे ठरले. १८२९ च्या मे महिन्यात साताऱ्याच्या राजाशी करार झाला. महाबळेश्वर इंग्रजांना आणि त्याच्या बदल्यात वाई भागातले खंडाळा राजाला. खंबाटकी चढण्याआधी आपण ज्या खंडाळ्यातून जातो, तेच हे गाव. सौदा कोणाला फायद्याचा झाला ते आज दोन्ही गावांतले जागेचे भाव विचारून पाहावे.

बाजारपेठेला राजाने माल्कमपेठ असे नाव दिले. साताऱ्याहून मेढ्यावरून महाबळेश्वरपर्यंत आणि पुढे कोकणात उतरायच्या वाटेपर्यंत रस्ता राजानेच केला. ज्या इंग्रजांसाठी त्याने हे सारे केले, त्यांनीच १८३९ मध्ये त्याला गादीवरून उतरवून काशीला पाठवले. १८४७ मध्ये तो तिथेच वारला. त्याचे भाऊ अप्पासाहेब गादीवर आले. १८४२ मध्ये वेण्णेचे पाणी अडवून त्यांनी तलाव बांधला, त्यात आज आपण होड्या वल्हवतो. तलावाच्या काठी मक्याची कणसे खाताना अप्पासाहेबांची आठवण कोणाला येत असेल असे वाटत नाही, आणि यावी अशी अपेक्षाही नाही.

महाबळेश्वरातले अंतर्गत रस्ते कोणी केले, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते. ते चिनी कैद्यांनी केले. मलायाकडील इंग्रजी वसाहतींतून चिनी आणि मलाई कैदी इथे आणून ठेवले होते. १८३० च्या दशकापासून १८६४ पर्यंत त्यांचा तुरुंग इथे होता. दिवसा रस्त्याचे काम, उरलेल्या वेळात वेताच्या टोपल्या आणि भाजीपाला. इथे बटाटा आणि विलायती भाज्या चांगल्या पिकतात हे त्यांच्या हातांनी सिद्ध झाले. त्यांची आठवण आता एका धबधब्याच्या नावात तेवढी उरली आहे. हजारो मैलांवरून बेड्या घालून आणलेली ती माणसे, त्यांची नावे कुठल्या वहीत असतील तर असतील. आजोबा जुन्या कठड्यातला एखादा चांगला घडवलेला दगड दाखवून म्हणत, ‘हा चिन्याच्या हातचा.’ तो खरेच तसा होता की नाही, कोण सांगणार? त्यांच्या तुकड्यात चिनी कैद्यांनी काम केल्याचे मला कागदोपत्री कुठे सापडले नाही. पण आपल्या आधी या दगडाला कोणाचा तरी हात लागला आहे, ही जाणीव त्यांना होती.

सुरुवातीला मुंबईचे साहेबलोक महाबळेश्वरला येत ते बहुधा समुद्राने. मुंबईहून जहाजाने बाणकोट, तिथून सावित्रीच्या खाडीतून महाडच्या दिशेने, मग पोलादपूर आणि पुढे पारघाटातून पालखी. म्हणजे मडमेची पालखी भोयांच्या खांद्यावर आणि सामान हमालांच्या डोक्यावर. आज ज्याला आपण रस्त्याचे शेपूट समजतो तो पोलादपूरचा भाग तेव्हा रस्त्याचे तोंड होता. पुढे पुण्याकडचा रस्ता सुधारला, पसरणीचा घाट गाडीला चढण्याजोगा झाला, आगगाडी पुण्याला आणि नंतर दक्षिणेला वाठारपर्यंत आली. वाठार स्टेशनावर उतरून टांग्याने वाई-पाचगणीमार्गे वर जाण्याची चाल पडली, आणि वाहतुकीचे तोंड फिरले.

पाचगणी ही तर या रस्त्याचीच लेक म्हणायला हवी. १८६० च्या दशकात जॉन चेसन या गृहस्थाकडे ती वसवण्याचे काम आले. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधले हे पठार. निवड कशामुळे झाली ते पावसाच्या आकड्यांवरून कळते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून लागला की साहेबलोक घरांना गवताचे आवरण घालून खाली पळत. तिथून अवघ्या १९ किलोमीटरवर, पाचगणीत, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच पाऊस. वाईत आणखी कमी. सह्याद्री ढगांना कड्यावरच पिळून घेतो, पूर्वेला जाते ते उरलेसुरले. म्हणून पाचगणीत बारा महिने राहता येते, आणि बारा महिने राहता येते म्हणून तिथे शाळा निघाल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. चेसनने लावलेल्या सिल्व्हर ओकच्या रांगांतून रस्ता अजूनही जातो. १९४४ मध्ये कैदेतून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी इथेच येऊन राहिले होते.

आंबेनळीचा आजचा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड यांच्या नावाचा. त्यांची कारकीर्द १८६७ ते १८७२. रस्ता पुरा झाला तो १८७० च्या दशकात. कागदावर बरीच वर्षे ‘फिट्झजेराल्ड घाट’ असेच नाव चाले, पण गावकऱ्यांनी आपली आंबेनळी सोडली नाही. हा रस्ता झाला आणि पारची पेठ बसली. रस्ते गावे वसवतात असे आपण म्हणतो, तसे ते गावे उठवतातही. नव्या रस्त्याने पारला बाजूला टाकले. आजीच्या तोंडी ‘पारचा बाजार’ असे, पण तिनेही तो पाहिलेला नव्हता, तिच्या सासूकडून ऐकलेला होता.

वाईबद्दल फार बोलत नाही. वाईवर बोलायचे तर स्वतंत्र भाषण लागेल. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट, जवळच मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचा विश्वकोश हे सर्वांना ठाऊक आहे. २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटानंतर मेणवलीच्या घाटावर फोटो काढणाऱ्यांची रीघ लागली. घाटाच्या पायथ्याचे पसरणी गाव मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. शाहीर साबळे या गावचे. उद्योजक बी. जी. शिर्केही इथलेच. पुढे घाटात बुवासाहेबांचे मंदिर आहे. तिथे गाडीचा वेग कमी करून हात जोडल्याशिवाय जुने ड्रायव्हर पुढे जात नसत. मागे वळून पाहिले की खाली धोम धरणाचे पाणी आणि पलीकडे पांडवगड दिसतो.

आता या रस्त्याने पाहिलेल्या दुसऱ्या एका दिवसाविषयी. ३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मुंबईसह महाराष्ट्र नाकारून केंद्राने द्वैभाषिक लादले होते, आणि १०५ माणसांचे बळी गेलेले होते. समितीने ठरवले, की पंडितजींना अडवायचे नाही, पण महाराष्ट्राचे मन त्यांना रस्त्यावरच दाखवायचे. पसरणीच्या घाटात आणि कोकणाच्या अंगाने पोलादपूरकडच्या वाटेवर हजारो माणसे काळी निशाणे घेऊन जमली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे यांच्यासारखे नेते त्यात होते. कोकणातून, देशावरून, मुंबईहून लोक आले होते, कित्येक जण चालत आले होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची ती परीक्षाच होती.

आमच्या घरात या दिवसाची एक वेगळीच गोष्ट आहे. पंतप्रधान येणार म्हणून आधीचे आठ-दहा दिवस आजोबांच्या टोळीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. खड्डे बुजवणे, मुरूम पसरून दुरमुसाने ठोकणे, कठड्यांना आणि मैलाच्या दगडांना चुना मारणे. आणि आमचे धाकटे काका, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे, आईच्या जुन्या काळ्या लुगड्याचा पदर फाडून निशाण करत बसलेले. आजोबांच्या ते लक्षात आले. सरकारी नोकराचा मुलगा निदर्शनात सापडला तर नोकरी जाईल ही भीती होती. काका म्हणाले, ‘आबा, तुम्ही चुना मारा, आम्ही निशाण धरतो. रस्ता दोघांचाच आहे.’ आजोबा काही बोलले नाहीत. फक्त एवढे म्हणाले, की माझ्या तुकड्यात उभा राहू नकोस, आंबेनळीच्या अंगाला जा. काका गेले. दोन्ही बाजूंना शिस्त राहिली, दगड उचलला गेला नाही. मोटारी गेल्या, निशाणे हलली, घोषणा झाल्या. रात्री बापलेक एकाच पंगतीला जेवायला बसले आणि आजीने दोघांनाही सारखेच वाढले. महाराष्ट्राच्या भावनेची खोली दिल्लीला कळण्यात त्या दिवसाचा मोठा वाटा होता असे पुष्कळांनी लिहिले आहे. १ मे १९६० ला राज्य झाले. चुन्याचे ते हात पुढे वर्षभर कठड्यांवर टिकले, असे आजोबा सांगत. काम चांगले झाले होते याचा त्यांना अभिमान होता आणि निशाणाचाही. पण दुसरा अभिमान त्यांनी कधी उघड केला नाही.

हेच काका पुढे मुंबईत गिरणीत लागले. जावळी, महाबळेश्वर, पोलादपूर या भागांतल्या घराघरातला एक तरी माणूस परळ-लालबागला असे. पोलादपूरला एसटी पकडायची आणि पहाटे मुंबई. गणपती-शिमग्याला याच रस्त्याने परत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि माणसे कायमची वर आली. काकांनी मेटगुताडच्या बाजूला कोणाच्या तरी रानात स्ट्रॉबेरी तोडायला जायला सुरुवात केली. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, मोसमात रस्त्याच्या कडेला लाल डब्यांच्या राशी लागतात, आणि जवळच्या भिलारला २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ पाहायला माणसे येतात. ज्या रस्त्याने गाव रिकामे होत गेले, त्याच रस्त्याने गिऱ्हाईक येऊ लागले हे खरे आहे. पण ते महाबळेश्वरपर्यंतच. पलीकडच्या उतारावर, कोयना आणि सावित्रीच्या खोऱ्यांत, हा रस्ता सहलीचा नाही. तो दवाखान्याचा, बाजाराचा आणि कॉलेजचा रस्ता आहे.

आणि तोच तुकडा सर्वांत दुबळा. कारण समजून घेण्यासारखे आहे. महाबळेश्वरची उंची सुमारे साडेचार हजार फूट, पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला. ही सारी उंची अवघ्या ४० किलोमीटरच्या आत उतरायची. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा थर, तो पाणी पितो. खाली काळ्या पाषाणाचे थर, ते पाणी पीत नाहीत. दोन्हींच्या मधून पाणी वाट काढते, आणि मधली माती सैल होते. रस्ता कापताना डोंगराचा पाय तोडलेला असतो. अशा जागी पाण्याला गटाराने मोरीपर्यंत आणि मोरीतून खाली दरीत सुरळीत नेऊन सोडणे, एवढेच माणसाच्या हातात असते. आजोबा म्हणत, ‘रस्त्याला गाडी मारत नाही, पाणी मारतं.’ मे महिन्याच्या अखेरीस त्यांची टोळी प्रत्येक मोरीत वाकून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघे. उजेड दिसला की मोरी मोकळी. पावसात डोक्यावर इरले घेऊन, हातात फावडे घेऊन ते फिरत. कुठे डोंगरातून नवीन झरा फुटला, कुठे रस्त्याच्या कडेला केसाएवढी भेग पडली, हे त्यांना आधी दिसे.

मैलकुलीची ही व्यवस्था हळूहळू आटली. जुने निवृत्त झाले, नवी भरती थांबत गेली, कामे ठेक्याने निघू लागली. ठेकेदार वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. डांबर तो कदाचित चांगले टाकतही असेल. पण ठेका डांबराचा असतो, भेगेवर नजर ठेवण्याचा नसतो. यावर यंत्रे आली आहेत असे कोणी म्हणेल. जेसीबी दरड अर्ध्या दिवसात उचलतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि आजोबांच्या टोळीला तिला पंधरा दिवस लागले असते. पण जेसीबी येतो तो दरड पडल्यावर.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस सहलीला महाबळेश्वरकडे जाताना आंबेनळीच्या दरीत कोसळली. तीस जण गेले, एकच वाचले. महाबळेश्वर, महाड, पोलादपूरकडचे गिर्यारोहक तरुण भर पावसात दोर लावून उतरले आणि त्यांनी मृतदेह वर आणले. त्यानंतर तीन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड तालुक्यातले तळिये आणि पोलादपूर तालुक्यातले केवनाळे याच पावसात दरडीखाली सापडले. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटून खाली गेला आणि कित्येक आठवडे बंद राहिला.

त्या दिवसांत आमच्या चुलत वहिनींना डायलिसिससाठी वर न्यायचे होते. कुंभरोशीच्या अलीकडे रस्ता नव्हता. वरंधा घाट बंद. उरले ते एक तर चिपळूणकडून कुंभार्ली चढून, नाही तर माणगावकडून ताम्हिणीने. ४० किलोमीटरच्या प्रवासाला दोनशेच्या वर. त्यातही चिपळूण पुरात होते. शेवटी दोन पुतण्यांनी त्यांना खुर्चीवर बसवून तुटलेला भाग पायी ओलांडला आणि पलीकडून जीप केली. पालख्यांच्या काळात मडमांना जसे नेत, तसे. वहिनी सुखरूप पोहोचल्या, म्हणून आज हे हसत सांगता येते. त्या खोऱ्यातल्या सर्वांनाच तसे सांगता आले नसते.

गेल्या काही वर्षांत सुरूरच्या बाजूने रुंदीकरणाचे काम आले आणि वाईच्या रस्त्यावरच्या जुन्या वडांवर कुऱ्हाड पडू लागली. वाई परिसरातल्या लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. वडांच्या कमानीखालून जाणारा तो रस्ता पाहिलेला कोणीही त्यांच्या बाजूने उभा राहील. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणीचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. त्यामुळे वर चढल्यावर निदान कोणी विचारते तरी. वाहने वाढली, मे महिन्यात पसरणीत तीन-तीन तास कोंडी होते, म्हणून रस्ता रुंद हवा हेही खोटे नाही. माझे म्हणणे इतकेच, की रुंदीची मोजमापे होतात तशी मोऱ्यांचीही व्हावीत. आणि ती सुरूरकडून सुरू न होता एकदा पोलादपूरकडून सुरू व्हावीत.

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नातवाबरोबर त्याच्या गाडीतून गावी चाललो होतो. मेटतळे सोडल्यावर एका वळणावर गाडी थांबवायला सांगितली. आजोबांच्या तुकड्यातली एक जुनी मोरी तिथे आहे, दगडी कमानीची. गुडघ्यावर बसून वाकून पाहिले. पलीकडचा उजेड दिसत नव्हता. प्लास्टिकच्या बाटल्या, पाला, एक फाटकी चप्पल आणि त्यामागे साठलेली माती. नातवाने आधी घड्याळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. डिकीतून टायर बदलायची लोखंडी पहार काढली आणि बाह्या सरसावून तो खाली उतरला. आम्हाला पाऊण तास लागला.